‘रीत’ला मिळालेला वाचक

७ जुलै

अंक निघाला! ‘रीत’चा पहिला अंक. मुखपृष्ठ जरा भडक झालंय. लांबून बघितलं तर कुठल्या तरी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स वाटतो. पण त्याला इलाज नाही. उज्वला, माझ्याच वर्षाची, तिच्या मावसभावाच्या फ्लेक्स-पत्रिकांच्या दुकानात बसते, कोपरखैरण्याला. तिला म्हटलं, बाई गं, भारदस्त पाहिजे. तर तिने सोनेरी बॉर्डर मारली. “याहून भारदस्त काय असतं?” मी ती तशीच ठेवली. अख्ख्या कॅम्पसवर माझ्यासोबत काम करायला तयार झालेली ती एकटीच आहे.

नोंद राहावी म्हणून लिहितो. आमच्या विद्यापीठात डाव्यांचं भित्तिपत्रक आहे, फिल्मवाल्यांचं नियतकालिक आहे, कवितावाल्यांची तर दोन आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही. परंपरा, कुटुंब, कर्तव्य, मोठ्यांचा मान यांच्या बाजूने बोलणारं मात्र एकही नाही. हक्कांची यादी सगळ्यांना पाठ, कर्तव्याचं नाव काढलं की यांच्या कपाळावर आठ्या. म्हणून मी, निशांत, टीवायबीए, राज्यशास्त्र, ठरवलं की आपण काढायचं. मराठीत, दर महिन्याला, आणि कुठल्याही पक्षाचं मिंधं न होता.

आईला अंक दिला. “छान आहे रे निशू,” म्हणाली आणि फ्रिजवर ठेवला. तिथेच आहे.

९ जुलै

कॅन्टीनमध्ये ऋता भेटली. ऋता म्हणजे डाव्या अभ्यासगटाची म्होरकी. तिच्या चहाच्या ग्लासाखाली ‘रीत’! “मस्त पेपर वापरलायस रे, ओलं लगेच शोषतं.” सगळे हसले. मी म्हटलं, वाच, मग टीका कर, उत्तर द्यायला मी समर्थ आहे. तर म्हणते, “वाचायला पण टाइम पाहिजे ना यार.” चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

‘आपल्या’ बाजूचे भेटले ते त्याहून भारी. विश्वजित आणि त्याची पोरं, बुलेटवर, गळ्यात उपरणी. म्हणे, कव्हरवर साहेबांचा फोटो टाक, सगळा गठ्ठा आम्ही उचलतो. मी म्हटलं, हे वैचारिक मासिक आहे. विश्वजित म्हणाला, “मग वाचणार कोण? तुझी आई?”

च्यायला, आईनेही वाचलेलं नाही. म्हणजे माझी अवस्था ना घर का ना घाट का. उज्वलाला सांगितलं तर म्हणाली, “टेन्शन नको घेऊ. आमच्या दुकानात पण पहिल्या वर्षी माश्याच मारल्या आम्ही.” तिच्यासाठी मासिक आणि फ्लेक्स एकच. असो.

२३ जुलै

दुसऱ्या अंकाचा अग्रलेख झाला. शीर्षक ‘वेळेवर’. मुद्दा असा की आपली पिढी सगळंच पुढे ढकलते. करिअर होऊ दे, घर होऊ दे, मनाची तयारी होऊ दे. अरे, मनाची तयारी कधी होत असते का? मोठ्यांनी बघून द्यावं, विशी-बाविशीत लग्नं व्हावीत, घरं माणसांनी भरावीत, रोज सगळ्यांनी एका वेळी जेवायला बसावं. शेवटचं वाक्य: ‘पदवी पुढेही मिळते, गेलेली वेळ मिळत नाही.’ हे सुचलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून फेऱ्या मारल्या.

फेऱ्या मारायला उलव्याच्या फ्लॅटमध्ये जागा बरीच आहे. आई बेलापूरच्या ऑफिसातून येते तेव्हा माझं जेवण झालेलं असतं. बाबांची नाशिकला बदली आहे. चौथं वर्ष चालू आहे बदलीचं. समोरच्या टॉवरमध्ये सगळे गुंतवणुकीचे फ्लॅट, कुणी राहत नाही, त्यामुळे बाल्कनीत उभं राहून लेख मोठ्याने वाचता येतो. वाचला. छान लागला कानाला.

पानं लावताना उज्वलाने विचारलं, “मुलींना पण हेच?”

“सगळ्यांना.”

“तुला पण?”

“माझं वेगळं आहे. मला मासिक सांभाळायचंय.”

“बरं,” म्हणाली आणि दोन कॉलम पाडले. तिला वैचारिक लेखनात गती नाही, पण नजर चांगली आहे.

६ ऑगस्ट

वाचक मिळाला! खराखुरा!

दुपारी लेक्चर चालू असताना अनोळखी नंबर. बाहेर जाऊन उचलला. “संपादक बोलताय का? मी सयाजी शेडगे, तळवलीतनं. तुमचा ‘येळेवर’ लेख वाचला. एकदा मनात वाचला, एकदा घरच्यांस्नी वाचून दाखिवला. लई दिवसांनी कुणीतरी खरं लिव्हलं बगा.” मी म्हटलं, धन्यवाद, आभारी आहे, आपल्यासारखे वाचक, वगैरे. ते म्हणाले, “छापून आलंय म्हंजी चार शाण्या माणसांनी तपासून बघितलं असणार.” मी म्हटलं, हो, संपादक मंडळ असतं. आता मंडळ म्हणजे मीच, पण हे फोनवर कुठे सांगत बसायचं?

शेडगे हे उज्वलाचं आडनाव, हे फोन ठेवल्यावर डोक्यात आलं. तिचे वडील! वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर मुकादम आहेत, मूळचे पाटण तालुक्यातले. रविवारी जेवायला बोलावलंय.

उज्वलाला म्हटलं, आधी सांगायचंस ना. ती म्हणाली, “मी अंक घरी नेला तो माझी डिझाइन दाखवायला. तात्या आतलं पण वाचतील असं मला काय माहीत?”

१० ऑगस्ट

तळवलीला जाऊन आलो. पोट टम्म. श्रावण म्हणून घेवड्याची भाजी, भाकरी, खर्डा, वरण. खर्डा खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी, आणि काकू, म्हणजे उज्वलाच्या आई प्रेमलाबाई, “अगं बाई, पोराला दही वाढा” करत धावल्या. दोन खोल्यांत सहा माणसं, उज्वलाची धाकटी भावंडं, आत्या, सगळे एका वेळी पंगतीला. मी जे लेखात लिहिलं ते इथे रोज घडतंय! मला अगदी भरून आलं.

आणि त्यांच्या घरची रीत बघा. जेवणं झाली की ताटं उचलायच्या आधी तात्या वाचून दाखवतात. पेपर असेल तर पेपर, नाहीतर भजनी मंडळाचं हस्तपत्रक, काहीही. तोपर्यंत कुणी उठायचं नाही, हात वाळले तरी. आज ‘वेळेवर’ पुन्हा वाचला, खास माझ्यासाठी. शेवटच्या वाक्याला थांबून म्हणाले, “हे बगा. पदवी फुडं बी मिळती. ह्ये आमच्या डोस्क्यात कधी आलंच न्हवतं.” मी मान खाली घालून लाजलो. उज्वला ताटाच्या कडेला बोटाने रेघा ओढत होती.

निघताना तात्या फाटकापर्यंत आले. “संपादक, येत जावा. घर तुमचंच हाय.” मला आजपर्यंत असं कुणी म्हणालेलं नाही.

३० ऑगस्ट

आमचा दीड दिवसाचा गणपती झाला. बाबा आले नाहीत, ऑडिट आहे म्हणे. मी नैवेद्याला तीन पाट मांडले होते. आईने एक उचलून ठेवला, “उगाच धूळ बसते.” मोदक सोसायटीतल्या बाईंकडून मागवलेले. चांगले होते.

आज तळवलीला गेलो. तिथे एक बातमी आहे. उज्वलाला स्थळ आलंय! मुलगा कुलदीप, कळंबोलीत, स्टील मार्केटला स्वतःचे दोन ट्रेलर. मुलगा निर्व्यसनी, घर खातंपितं, गावाकडची ओळख. तात्या म्हणाले, “आमी थांबणार हुतो तिची पदवी होईस्तवर. पण तुमचा लेख वाचला आन् धीर आला. चांगलं स्थळ दारात आलंय, ते कशाला परत पाठवायचं?”

माझ्या लेखाने एका घरात निर्णय झाला. ऋताच्या भित्तिपत्रकाने आजवर एक तरी निर्णय झालाय का? मी आनंदात होतो, पण उज्वला बाहेर नळावर भांडी घासायला बसली ती मी निघेपर्यंत आत आली नाही. लाजली असावी.

११ सप्टेंबर

लाजली नव्हती. आज लायब्ररीच्या जिन्यात तिने मला गाठलं आणि चार कागद हातात दिले. “हे सप्टेंबरच्या अंकात घे.”

तिने लेख लिहिलाय! उज्वलाने! मी तिथेच उभ्याने वाचला. इथे थोडा उतरवून ठेवतो: ‘बारावीचा निकाल लागला तेव्हा तात्यांनी पेढे वाटताना सगळ्या आळीसमोर सांगितलं होतं की पोरीच्या पदवीचा कागद घरात येऊ दे, मग तिच्या लग्नाचं बघू. आमच्यात बोललेला शब्द फिरवत नाहीत. आजोबांनी दुष्काळात बैल विकला तेव्हा सकाळी एकाला शब्द दिला आणि दुपारी दुसरा जास्त पैसे घेऊन आला, तरी पहिल्यालाच दिला. मी रीत मोडायला सांगत नाही. शब्द पाळणं ही लग्नापेक्षा जुनी रीत आहे. संपादक म्हणतात पदवी पुढेही मिळते. आमच्या आळीत कुणाला पुढे मिळाली, त्यांनी एक नाव सांगावं.’

मी म्हटलं, “हे तू तात्यांना तोंडी सांग ना.”

“सांगितलं. दोनदा. म्हणतात, संपादकांपेक्षा तुला जास्त कळतं का?” मग म्हणाली, “निशांत, माझं बोललेलं ते ऐकत नाहीत. पण छापून आलं की ऐकतात. तुझं मासिक वाचतात ते. आता पितृपक्ष आहे म्हणून बोलणी थांबलीत. घट बसले की सुपारी फोडतील. त्याच्या आधी अंक घरात आला पाहिजे.”

मी म्हटलं, बघतो.

“बघतो नको. छाप.”

१३ सप्टेंबर

दोन दिवस डोक्याचा भुगा. मांडून बघू.

लेख वाईट नाही. पण तो वैयक्तिक आहे, वैचारिक नाही. शिवाय ज्या मासिकाने ऑगस्टमध्ये एक भूमिका घेतली, त्यानेच सप्टेंबरमध्ये ती खोडायची? ऋता वगैरे तर टाळ्या पिटतील. आणि तात्या? त्यांनी विश्वासाने मला घरात घेतलं आणि मी त्यांच्याच मुलीकडून त्यांचा जाहीर पंचनामा करवायचा? उद्या ते म्हणतील, ज्याला खाऊ घातलं तोच उलटला. मग मी कोणत्या तोंडाने तिथे जाऊ? रविवारी मग जायचं कुठे?

शेवटचं वाक्य लिहायचं नव्हतं, पण लिहिलं. असो.

तोडगा सुचला. लेखाऐवजी वाचकाचं पत्र! नाव न घालता. तिच्या मनासारखंही होईल आणि घराचं नावही वाचेल. पेढ्यांचा आणि बैलाचा भाग काढावा लागेल, नाहीतर तात्या लगेच ओळखतील. खाली संपादकीय उत्तर द्यायचं, सौम्य भाषेत. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही.

१६ सप्टेंबर

उज्वलाला पत्राचा मजकूर पाठवला. तिने तो पानात बसवून परत पाठवला. मला वाटलं होतं भांडेल. पटलं असणार.

२१ सप्टेंबर

सर्वपित्रीचं जेवण तळवलीला. खीर, वडे, सगळं साग्रसंगीत. ताटं तशीच ठेवून तात्यांनी नवा अंक उघडला. मी आधीच सांगितलं होतं, पत्रव्यवहार जरूर वाचा म्हणून.

तात्या वाचू लागले. “‘मला शिकायचे आहे. लग्न थोडे थांबू शकत नाही का? घरचे ऐकत नाहीत. – एक वाचक भगिनी.’” चष्मा वर करून म्हणाले, “बगा, लोकांच्या पोरी कशा लिव्हत्यात. आईबापाची तक्रार मासिकात!” काकू म्हणाल्या, “कुणाची असंल बिचारी.” मग तात्यांनी माझं उत्तर वाचलं: ‘भगिनीच्या भावना आम्ही समजू शकतो, परंतु आईवडिलांच्या अनुभवाला पर्याय नसतो.’ त्यांनी मांडीवर थाप मारली. “आसं! एका वाक्यात गप केली!”

सगळे हसले. उज्वलाही हसली, म्हणजे तोंड तसं केलं. मग ती उठली आणि मला खीर वाढली. मी नको नको म्हणत होतो तरी वाटी काठोकाठ भरली. “घे,” म्हणाली, “तुझंच घर आहे.”

एरवी बसमध्ये नवा अंक पुन्हा वाचतो, आज पिशवीतून काढलाच नाही. खीर जास्त झाली.

२६ सप्टेंबर

सुपारी फुटली. लग्न नोव्हेंबरअखेर, तुळशीच्या लग्नानंतर. मला तात्यांचा फोन आला, उज्वलाचा नाही.

१७ ऑक्टोबर

उज्वला कॉलेजात येत नाही. तात्या म्हणाले, आता कशाला जायचं, काकूंना मदत होईल. सेमिस्टरची परीक्षा तिने दिली नाही. दुकानात मात्र जाते, दिवाळी आहे, शुभेच्छांच्या फ्लेक्सचं काम तुंबलंय. ऑक्टोबरचा अंक लावून पाठवला तिने. काम चोख. मेसेजमध्ये एक अक्षर नाही. मी लिहिलं, ‘कशी आहेस?’ तिने उत्तर दिलं, ‘पान ५ वर फोटो फाटतोय, मोठा पाठव.’

कॅम्पसवर अंक वाटताना लक्षात आलं की आता अंकाबद्दल बोलायला कुणीच नाही. आधी निदान ती सोनेरी बॉर्डरवरून वाद घालायची. मी एकटाच कट्ट्यावर बसून एक अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. कंटाळवाणा होता.

७ नोव्हेंबर

दुकानात गेलो, मुद्दाम. उज्वला कॉम्प्युटरवर होती. मला बघून म्हणाली, “बरं झालं आलास. प्रूफ बघ.” आम्ही नेहमीच एकमेकांची प्रूफं बघतो, म्हणून मी स्टूल ओढून बसलो. स्क्रीनवर लग्नपत्रिका होती. तिचीच.

स्वतःच्या लग्नाची पत्रिका स्वतः लावत होती. कुलदैवत, गणपती, सगळं जागच्या जागी. मी आपला सवयीने चुका शोधायला लागलो. ‘चि. कुलदीप’च्या पुढे कंसात ‘ट्रान्सपोर्ट व्यावसायिक’ होतं. ‘चि. सौ. कां. उज्वला’च्या पुढे कंस होता, पण रिकामा.

“इथे राहिलंय,” मी म्हटलं.

“तात्या म्हणतात बी. ए. टाक. सगळ्यांच्या पोरींच्या पत्रिकेत असतं.”

“मग टाक ना.”

“झालेय का मी बी. ए.?” तिने माझ्याकडे बघितलं. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. “तात्यांना वाटतं छापलं की खरं होतं. पण तुला तर माहितीये ना, छापायचं काय आणि नाही ते कसं ठरतं.”

मग तिने तो कंस खोडून टाकला आणि नाव मधोमध आणलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर घ्यायला आलेलं. ती त्याच्याशी अगदी नेहमीसारखी बोलली. मी बाहेर पडलो आणि बसस्टॉपवर कितीतरी बस जाऊ दिल्या. मी गाढव आहे. नुसता गाढव नाही, शिकलेला गाढव.

९ नोव्हेंबर

तळवलीला गेलो. मनाशी सगळं पाठ करून. तात्या एकटेच होते, पत्रिकांवर हळदीकुंकवाची बोटं लावत होते.

मी म्हटलं, “तात्या, उज्वलाचं शेवटचं वर्ष आहे. लग्न मे महिन्यात केलं तर?”

“मंडळी थांबतील व्हय? सुपारी फुटलीया.” मग बोट हवेतच ठेवून बघत राहिले. “संपादक, तुमीच लिव्हलं न्हवं? पदवी फुडं बी मिळती म्हणून?”

“ते चुकलं माझं.”

“छापलेलं चुकतं व्हय?”

मी म्हटलं, हो, कधीकधी. त्यांनी हातातली पत्रिका बाजूला ठेवली. मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुमच्या मनात काय हाय का पोरीबद्दल? आसंल तर सपष्ट बोला.”

“छे! तसं काही नाही!” मी इतक्या जोरात म्हणालो की काकू आतून बाहेर आल्या. लोकांना दुसरं काही दिसतच नाही का? मुलगा आणि मुलगी मिळून मासिक काढू शकत नाहीत का? मला फक्त ती बी. ए. व्हायला हवी होती आणि दर महिन्याला पानं लावायला हवी होती आणि लायब्ररीच्या जिन्यात भेटायला हवी होती.

“मग झालं तर,” तात्या म्हणाले आणि बोट पुन्हा कुंकवात बुडवलं.

संध्याकाळी उज्वलाला फोन केला. म्हटलं, तुझा लेख नोव्हेंबरच्या अंकात अख्खा छापतो. ती म्हणाली, “पत्रिका गावाला निघाल्यात. आता छापून तात्यांना चारचौघांत खाली बघायला लावू नको. छापायचं तेव्हा छापलं नाहीस, आता माझ्यासाठी म्हणून काही करू नको.”

३० नोव्हेंबर

लग्न झालं. कळंबोलीचा हॉल. बाहेर ट्रेलर उभे, त्यांनाही झेंडूच्या माळा. तात्यांनी माझी ओळख करून दिली, “हे आमचे संपादक.” कुलदीप माणूस वाईट दिसत नाही. माझा हात हातात घेऊन म्हणाला, “उज्वला सांगत होती तुमच्या पुस्तकाचं.” मला त्याचा राग करता आला असता तर सोपं गेलं असतं.

अक्षता टाकताना मी शेवटच्या रांगेत होतो. तिच्यापर्यंत एकही पोचली नसणार.

नोव्हेंबरचा अंक निघाला नाही. कुणी विचारलंही नाही.

८ डिसेंबर

उज्वलाचा फोन! मागे ट्रकचे हॉर्न. सरळ म्हणाली, “तो लेख आहे का अजून?”

“आहे.”

“आता छाप. आता कुणाचं काही मोडत नाही. इकडे एप्रिलच्या परीक्षेचं काढलं की बघू म्हणतात. यांना वाचायला देईन. आणि नाव पूर्ण टाक, उज्वला सयाजी शेडगे. लिहिला तेव्हा हेच होतं.”

मी म्हटलं, “एक शब्द कापणार नाही.”

“तू लावणार कसा? तुला कॉलम तरी पाडता येतो का?”

“शिकेन.”

ती हसली. मग कुणीतरी हाक मारली आणि फोन ठेवला. मी नंतर बाल्कनीत जाऊन तिचा लेख मोठ्याने वाचला. समोरचा टॉवर अजून रिकामाच आहे. आई आज लवकर आली होती, ती दारात उभी राहून ऐकत होती. “कुणी लिहिलंय?” म्हणाली. “शब्द पाळण्याचं बरोबर लिहिलंय पोरीने.” आणि आत जाऊन तिने कुकर लावला. आम्ही एकत्र जेवलो. बाबांची बदली ही बदली नाही, हे तिने आज सांगितलं. मला माहीत होतं की नव्हतं, ते सांगता येत नाही.

१४ डिसेंबर

अंक काल हातात आला. पानं वाकडी लागलीत, समास कमीजास्त, पण लेख अख्खा आहे आणि नावही अख्खं आहे. आज रविवार, मार्केट बंद. अंक घेऊन तळवलीला गेलो. जेवणं झाली होती. तात्यांनी चष्मा लावला, नाव बघितलं, म्हणाले, “आमची उज्वी?” आणि कौतुकाने सगळ्यांना बसवून वाचायला लागले.

पेढ्यांपर्यंत हसत हसत वाचलं. आळीसमोर दिलेल्या शब्दाशी आवाज खाली गेला. बैलाची गोष्ट आली तेव्हा थांबले. आत्या म्हणाल्या, “वाच की.” त्यांनी पुढचं मोठ्याने वाचलं नाही. नुसते ओठ हलत होते. शेवटपर्यंत वाचून त्यांनी अंक मांडीवर पालथा ठेवला.

“ह्यो शब्द दिला हुता मी,” ते काकूंना म्हणाले. “पेढं वाटताना. पोरगी दोनदा सांगत हुती, कानावर घेतलंच न्हाई गं मी.” मग माझ्याकडे वळले. “कवा लिव्हलं पोरीनं हे?”

“सप्टेंबरात. सुपारीच्या आधी.”

“तुमाला तवाच दिलं?”

“हो.”

“मग तवा का न्हाई छापलं?”

“अंकात जागा नव्हती,” मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

तात्या उठले. टीव्हीच्या खालच्या कप्प्यात त्यांनी ‘रीत’चे सगळे अंक नीट रचून ठेवले होते. सप्टेंबरचा काढला, मागून उघडला आणि माझ्यासमोर धरला. शेवटची दोन पानं कोरी होती. तिचा लेख काढल्यावर तिथे घालायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

तात्यांनी मला शिवी दिली असती, निघ म्हटलं असतं, तरी चाललं असतं. त्यांनी नवा अंक घेतला, पिशवीत घातला, पायांत चपला सरकवल्या. “कळंबोलीला जाऊन येतो,” काकूंना म्हणाले. “जावईबापूंशी बोलतो परीक्षेचं. ऐकतील न ऐकतील.” दारात थांबून माझ्याकडे न बघता म्हणाले, “फुडचा अंक नका आणू. मला आता वाचायचं न्हाई.”

मी उलव्याला परत आलो. हे सगळं कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये. फोन हातात घेऊन बसलोय. पण असं काही झालं की मी जिला सांगायचो, ती उज्वलाच होती.